लोडावर नुसतं पडून राहायचं, हे मनाला पटवायचं कसं?

अबोली, पर्वरी (१४ मे)

नमस्कार. मी पर्वरीला राहते, वय ५१, पणजीत सरकारी खात्यात नोकरी. तेहतिसाव्या वर्षी योगासनं सुरू केली ती आजवर सुटली नाहीत. रोज पहाटे २४ सूर्यनमस्कार, मग उभ्याची आसनं, पश्चिमोत्तानासन, हलासन, चक्रासन. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालते. सासरे गेले ते एक वर्ष सोडलं तर त्यात खंड नाही. हे मिरवायला सांगत नाही. माझी सकाळ म्हणजे हेच, आणि ते काढून घेतलं तर मागे काय उरतं, असं मला वाटायला लागलंय.

दिवाळीपासून डाव्या बाजूला, बसताना जिथे हाड टेकतं तिथे, दुखतं. पुढे वाकलं की कळ येते. ऑफिसच्या खुर्चीत अर्धा तास झाला की एका अंगावर कलून बसावं लागतं. पुलावरून पणजीला जायला स्कूटरने कितीसा वेळ लागतो, पण तेवढंही जड जातं. त्यात हे पाळी जाण्याचे दिवस. रात्री तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

आमच्या योगशिक्षिकेने मला सकाळच्या वर्गातून काढून संध्याकाळच्या वर्गात घातलं. तिथे पाठीखाली लोड, गुडघ्यांखाली ब्लँकेटच्या गुंडाळ्या, डोळ्यांवर पट्टी, आणि एकाच आसनात दहा-पंधरा मिनिटं. सव्वा तासात चार आसनं. बरोबरच्या बायका साठी-सत्तरीच्या. पहिल्या दिवशी घरी जाताना रस्त्यात मला रडू आवरेना.

सहा आठवडे झाले, जाते आहे. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मी आडवी पडले की डोक्यात ऑफिसच्या फायली फिरतात, उद्याचा डबा फिरतो, आणि आपण इथे वेळ घालवतोय याची टोचणी लागते. मला विचारायचंय ते एवढंच, की हा खरंच योग आहे, की वय झालेल्यांसाठी केलेली सोय? योग असेल तर तो आवडायला लागतो का? ज्यांना आवडला त्यांना कसा आवडला?

सुरंगीचा वळेसार, मांद्रे (१५ मे)

अबोली बाय, मी ६४ वर्षांची, तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? पेडणे तालुक्यात मराठी प्राथमिक शाळांत ३४ वर्षं शिकवलं. तू लिहिलेलं वाचलं आणि काल रात्री माझीच झोप उडाली, कारण ते दुखणं, नेमकं तिथलंच, मी भोगलंय. आणि ते रस्त्यातलं रडूही.

आमच्या वाड्यावर माडांच्या बागेत मोसमात योगाची शेड लागायची. नोव्हेंबरला खांब उभे राहायचे, मार्च सरला की झावळ्या उतरायच्या. मी ४४ वर्षांची असताना तिथे जायला लागले. शिकवत होते ती म्हैसूरच्या पट्टाभी जोईसांची अष्टांग पद्धत. आसनांचा क्रम ठरलेला, प्रत्येक हालचालीला एक श्वास, आणि हाती असलेलं आसन जमेपर्यंत पुढचं मिळत नाही. मला ते इतकं आवडलं की काय सांगू. मी पडले शिक्षिका, नेमून दिलेला अभ्यासक्रम मला पहिल्यापासून प्रिय. पहाटे साडेपाचला शेडमध्ये, तिथून घरी येऊन आंघोळ, तिथून शाळा. तीन मोसम असे गेले. चौथ्या मोसमात पश्चिमोत्तानासनात असताना तिथल्या शिक्षकाने पाठीवर आपला भार टाकला, आणखी खाली जावं म्हणून. बैठकीच्या हाडाशी काहीतरी फाटल्यासारखं झालं. मी काही बोलले नाही. आवाज न करता सोसणं हाच अभ्यास, असं तेव्हा मनात पक्कं होतं.

पुढचे आठ महिने मी काय केलं असेल? ती जागा आखडली आहे असं समजून आणखी ताणली. रोज. वर्गात खुर्चीवर बसवेना म्हणून दिवसभर उभ्याने शिकवायचे आणि पहाटे उठून परत ताणायचे. शेवटी म्हापशाच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मांडीमागचा स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथली कंडरा झिजून दुखावली आहे, आणि पुढे वाकताना ती हाडावर दाबली जाते. ताणून बरं होणारं दुखणं नव्हे हे. तुझं तेच असेल असं मी म्हणत नाही, डॉक्टरला दाखव. पण दाखवेपर्यंत पुढे वाकणं बंद कर, एवढं माझं ऐक.

मी सगळंच सोडलं मग. दोन वर्षं चटई उघडली नाही. रागच होता, कुणावर ते कळत नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला कुठे मिळालं ते सांगते, ते योगाच्या वर्गात नाही मिळालं. माझ्या सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि १४ महिने त्या खाटेवर होत्या. त्यांचं सगळं मीच करायचे. त्यांना नीट निजवणं ही एक विद्या आहे हे मला हळूहळू कळलं. नुसतं आडवं केलं तर त्या कण्हत राहायच्या. वाकळीची गुंडाळी करून गुडघ्यांखाली दिली की कंबर खाली टेकायची. दोन्ही कोपरांखाली उशी दिली की खांदे सुटायचे, कारण हात लोंबकळला की त्याचं ओझं खांदाच वाहतो. मानेच्या पोकळीत टॉवेलची घडी, टाचांखाली आणखी एक, टाच खाटेला घासू नये म्हणून. हे सगळं मनासारखं झालं की त्यांचा चेहरा बदलायचा. एकदा म्हणाल्या, "आतां आंग धरचें पडना." आता अंग धरून ठेवावं लागत नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आजारी बाई आडवी पडूनसुद्धा अंग धरून ठेवते, तर मी धडधाकट बाई किती धरून ठेवत असेन?

त्या गेल्यावर वर्षभराने म्हापशाला एक वयस्क बाई वर्ग घ्यायच्या तिथे मी गेले, तुझ्यासारखाच लोड-ब्लँकेटचा वर्ग. माझंही तुझ्यासारखंच झालं. मी छपराची कौलं मोजायचे, पट्टी सरकवून घड्याळ बघायचे. एक दिवस त्या बाई माझ्या उजव्या हाताशी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बोटं बघा." अंगठा आणि पहिली दोन बोटं जुळलेली होती, घट्ट. मी शवासनात खडू धरून पडले होते. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं, ते बोटांत बसलं होतं. त्यांनी ती बोटं सोडवली नाहीत, फक्त दाखवली आणि उठून गेल्या. ती बोटं सुटी पडायला मला अडीच महिने लागले. मुद्दाम सोडली की सुटायची आणि क्षणात परत जुळायची. नुसतं लक्ष ठेवायचं, बाकी काही करायचं नाही, हे इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं. चक्रासन मी तीन आठवड्यांत शिकले होते गं.

म्हणून तुला विचारते, तू आडवी पडतेस तेव्हा तुझं काय धरलेलं असतं? जबडा? स्कूटरची मूठ? पोट? फायली डोक्यात फिरतात त्या फिरू देत, त्यांच्याशी भांडत बसू नकोस. तेवढ्या वेळात अंगातली ती एक जागा शोध.

हा योग आहे का, याचं उत्तर संस्कृतात हवं असेल तर तेही आहे. स्थिरसुखमासनम् हे सूत्र सगळेच म्हणतात. त्याच्या पुढचं सूत्र फारसं कुणी म्हणत नाही. प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्. आसन साधतं ते प्रयत्न सैल पडल्याने आणि चित्त अनंतात लागल्याने. प्रयत्न सैल पडणं हे तिथे आसन साधण्याचं साधन म्हणून सांगितलंय, आसन झाल्यावरची विश्रांती म्हणून नव्हे. हठयोग प्रदीपिकेतही शवासन हे बाकीच्या आसनांच्या रांगेतच आहे, श्रम हरणारं आणि चित्ताला विसावा देणारं म्हणून. शेवटची पाच मिनिटं उरकून घरी पळायची ही सवय आपली.

आणि हे लोड-विटा कुठून आले म्हणशील, तर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडून. लहानपणी मलेरिया, टायफॉईड, क्षय असली दुखणी काढलेला माणूस. दोऱ्या, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, लोड यांचा आधार घेऊन कुठल्याही शरीराला आसनात थांबता यावं हे त्यांनी वर्षानुवर्षं घडवलं. १९७९ साली, साठीत असताना, स्कूटरच्या अपघातांत त्यांचा खांदा, पाठ, गुडघे दुखावले, तेव्हा त्यांनाही आपला सराव नव्याने उभा करावा लागला. २०१४ साली ९५ व्या वर्षी गेले, तोवर आसनं करत होते. आधार घेऊन केलेली ही विसाव्याची आसनं पुढे अमेरिकेत 'रिस्टोरेटिव्ह' म्हणून रुळली, त्यात त्यांच्याच विद्यार्थिनी ज्युडिथ लॅसेटर यांचा मोठा वाटा. तेव्हा हे म्हातारीकोतारींसाठी कुणी दयेने काढलेलं नाही.

घरी कसं करते ते सांगते, तुला उपयोग होईल. वेळ संध्याकाळची पाच, दिवाबत्तीच्या आधी. दुपारची झोप आणि हे एक करू नकोस. शीत-कडी जेवून लगेच लोडावर पडलं की पोट वर येतं आणि घशाशी आंबट येतं, मला आलं होतं. जेवून तीन तास तरी जाऊ देत. लोड विकत घ्यायची गरज नाही, दोन जुन्या चादरी एकात एक घट्ट गुंडाळून त्यावर वाकळ गुंडाळायची, दोन ठिकाणी नाडीने बांधायची. मांड्यांवर ठेवायला मी जुन्या नऊवारीच्या तुकड्याची पिशवी शिवली आणि त्यात दोन किलो उकडे तांदूळ भरले. पावसात त्यांना किडे लागले, म्हणून आता त्यात धुऊन वाळवलेली वाळू आहे. त्या वजनाने कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं. पंखा मंद ठेव. आणि आपल्याकडे कितीही उकडत असलं तरी अंगावर सुती चादर घे, पंधरा मिनिटं स्तब्ध पडल्यावर अंग गार पडतं आणि गार पडलेलं अंग परत स्वतःला आवळून घेतं.

आसनं दोनच कर सुरुवातीला. सुप्त बद्धकोणासन, म्हणजे उताणं पडून तळवे एकमेकांना जुळवायचे आणि गुडघे बाजूंना सोडायचे. पाठीखाली लोड कण्याच्या रेषेत उभा, दोन्ही गुडघ्यांखाली भरपूर आधार. इतका आधार की मांडीत ताण जाणवताच कामा नये. ताण जाणवला की आणखी एक उशी घाल. तुझ्या-माझ्यासारखीला हेच जड जातं, ताण जाणवला नाही तर काही होतंय असं वाटतच नाही. आणि दुसरं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून शवासन. श्वास सोडताना तो किती लांब जातो तेवढं बघ. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, नाडीवर बोट ठेवलंस तर तुला स्वतःला कळेल.

रात्री तीनला जाग आली की अंथरुणात तळमळत राहू नकोस. उठून पोटऱ्या खुर्चीवर टाक आणि पड. झोप येईलच असं सांगत नाही. मला निम्म्या वेळा येते. पण उरलेल्या निम्म्या रात्रीही मी तळमळत काढत नाही.

फोंड्यातला फिजिओ (१५ मे)

अबोलीताई, तुम्हाला तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण वळेसार बाईंनी वर्णन केलेलं दुखणं वर्षानुवर्षं पुढे वाकण्याचा सराव करणाऱ्यांमध्ये मी पुष्कळदा बघतो. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन घटतं, त्याचा परिणाम जसा हाडांवर होतो तसा कंडरांवरही होतो. त्यामुळे तिशीत जे सहज भरून आलं असतं ते आता महिने घेतं.

बाईंच्या सल्ल्यात तीन गोष्टी जोडतो.

तुमचं दुखणं हेच निघालं तर भिंतीला टेकून पाय सरळ वर करायचं विपरीत करणी तूर्त नको. त्यात मांडीमागचा स्नायू ताणलाच जातो. खुर्चीवर पोटऱ्या ठेवणं ठीक.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. कंडरा नुसत्या विश्रांतीने बरी होत नाही, तिला हळूहळू भार द्यावा लागतो. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर उचलून ३० ते ४५ सेकंद धरायची, चार-पाच वेळा. इथून सुरुवात होते, पण कुणाच्या तरी देखरेखीखाली करा. ऑफिसात कडक खुर्चीवर मऊ उशी घ्या आणि दर अर्ध्या तासाने उठा. आणि लोडाच्या आसनांनी हाडं आणि स्नायू बळकट होत नाहीत, त्यासाठी वेगळा व्यायाम लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत. चालणं, जिने, उभ्याची आसनं, यातलं काहीही सोडू नका. संध्याकाळचा वर्ग त्याच्या जोडीला.

तिसरं, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल अशी आसनं डोळ्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत, आधार घेऊनही नकोत. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ वाकवून पुढे ओणवणं टाळा. आणि शवासनातून ताडकन उठू नका. कुशीवर वळा, हातांनी जमीन ढकला, डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्या.

माशेलचा आजोबा (१७ मे)

मी ७२. अजून रोज १२ सूर्यनमस्कार घालतो, सावकाश, एकाला एक मिनिट. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, ते स्वतः उतारवयातही नेमाने घालत. माझ्या वडिलांनी त्यांच्याकडे बघून सुरू केले आणि मी वडिलांकडे बघून. माझं स्पष्ट मत असं की एकदा माणूस लोडाला टेकला की तो परत उठत नाही. मी शेजारीपाजारी बघितलंय हे. आज गुडघा दुखतो म्हणून बसले, उद्या बसवत नाही म्हणून निजले. अबोलीताईंनी दुखणं बरं होईपर्यंत थांबावं, पण सकाळ सोडू नये. विसाव्यासाठी दुपारची झोप आहेच, ती आपल्या गोव्यात कुणी कुणाला शिकवायला नको.

सुरंगीचा वळेसार, मांद्रे (१७ मे)

आजोबा, तुमचे १२ सूर्यनमस्कार असेच चालू राहोत. तुमची भीती मला कळते, सासूबाईंना खाटेला खिळताना मी बघितलंय. फिजिओंनी सांगितलं तसं मीही रोज सकाळी मांद्र्याच्या किनाऱ्यावर चालते, वृक्षासन करते, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करते. ते सोडलेलं नाही.

पण दुपारची झोप आणि हे एकच, असं मला म्हणवत नाही. दुपारी झोपून उठल्यावर माझी बोटं जुळलेलीच असायची. झोपेत माझं अंग धरलेलंच राहायचं, त्याची मला खबर नसायची एवढंच. सुरुवातीला मीही लोडावर घोरायचे आणि बाई मला घोरू द्यायच्या, कारण त्या दिवसांत मला झोपच हवी होती. पाच-सहा आठवड्यांनी झोप भागली आणि मग जागेपणी पडून राहणं सुरू झालं. अबोली, तुझ्या रात्री तर अर्ध्या जागेपणातच जातात. तुला लोडावर डोळा लागला तर लागू दे, त्याला चूक समजू नकोस.

अबोली, पर्वरी (९ जुलै)

बाई, फिजिओ, आजोबा, सगळ्यांना उशिराने लिहिते. डॉक्टरला दाखवलं. कंडराच निघाली. पुढे वाकणं बंद आहे, कंबर उचलायचा व्यायाम एका फिजिओंकडे शिकून घेतला, आणि खुर्चीवर उशी ठेवली आहे. आता पाऊण तास बसू शकते. आजोबा, सकाळ सोडलेली नाही. सूर्यनमस्कारांच्या जागी उभ्याची आसनं करते, पुढे न वाकता. २१ जूनला ऑफिसच्या योगदिनाला मी सूर्यनमस्काराच्या वेळी बाजूला उभी राहिले आणि कुणी विचारलं तर कारण सांगितलं. ते सोपं गेलं नाही.

बाई, तुम्ही विचारलं होतं माझं काय धरलेलं असतं. मला वाटलं होतं जबडा. पंधरा दिवस जबड्यावर लक्ष ठेवलं, तिथे काही नव्हतं. मग एका संध्याकाळी कळलं की माझ्या पायाची बोटं वर ओढलेली असतात, दोन्ही पायांची, चपला निसटू नयेत म्हणून धरावीत तशी. घरी नवऱ्याला बघायला सांगितलं, तो म्हणाला झोपेतही तशीच असतात. कधीपासून, त्याला आठवत नाही. मला आठवतं. आमची आई १९९६ साली गेली ती आषाढात, रात्रीची, आणि डिचोलीच्या घरी मी पावसातून धावत गेले होते, एक चप्पल वाटेत राहिली. याचा त्याचा संबंध असेलच असं मी म्हणत नाही. पण आडवी पडले असताना आठवलं ते हेच, आणि या खेपेला रडले ते रस्त्यात नाही, लोडावर, डोळ्यांवरच्या पट्टीखाली. शेजारच्या सत्तरीच्या आजींनी काही न बोलता त्यांची चादर माझ्या पायांवर टाकली.

आवडायला लागलंय का? मंगळवार-शुक्रवारची वाट बघते, एवढं सांगू शकते. अजून फायली फिरतात.

एक अडचण आहे. पुढचे दोन आठवडे वर्ग बंद, आणि मी रजा घेऊन डिचोलीला भावाकडे जाते आहे. जुनं घर, पावसात जमिनीला ओल, खुर्च्या सगळ्या प्लॅस्टिकच्या हातवाल्या, त्यात पोटऱ्या नीट बसत नाहीत. तिथे कसं करू?

सुरंगीचा वळेसार, मांद्रे (९ जुलै)

अगं, डिचोलीचं जुनं घर म्हणजे ओसरीला सोपो, बसायचा बांधीव कट्टा, असेल ना? चुन्याचा, शेणाने सारवलेला किंवा लाल सिमेंटचा? त्याच्याएवढी चांगली खुर्ची कुणी बनवलेली नाही. ओसरीवर आधी जाड प्लॅस्टिकची ताडपत्री घाल, त्यावर चटई, त्यावर वाकळ दुहेरी, म्हणजे ओल वर येणार नाही. सोप्यावर उशी ठेवून त्यावर पोटऱ्या टाक. गुडघा काटकोनात आला पाहिजे. सोपो उंच असेल तर कमरेखाली घडी घाल. उंची कमी पडली तर उशा वाढव. पायांवर चादर घ्यायला विसरू नकोस, आणि पावळ्यांचं पाणी ओसरीत उडत असेल तर डोकं घराच्या बाजूला कर.

डासांसाठी संध्याकाळी आधी धुरी घालून ठेव. भावजयीला सांग, तीही पडेल शेजारी. सोप्यावर दोघींच्या पोटऱ्या मावतात.